दुसरा खड्डा कशासाठी?

पर्यावरणाच्या तासाला स्वच्छतेचा धडा संपत आला की एखादा पोरगा हमखास विचारतो, "गुरुजी, पण खड्डा भरल्यावर काय करायचं?" वर्गात हशा पिकतो. गुरुजीही हसून पुढच्या धड्याकडे वळतात. खरं तर त्या तासातला सगळ्यांत चांगला प्रश्न तोच असतो, आणि आज तो खेडोपाडी प्रत्यक्षात उभा राहिला आहे. २०१४ साली स्वच्छ भारत अभियान सुरू झालं, घरामागे १२,००० रुपये प्रोत्साहन अनुदान मिळून संडास बांधले गेले, आणि एप्रिल २०१८ मध्ये महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्या काळात वापरात आलेले पुष्कळ खड्डे आता भरले असतील, निदान भरत आले असतील. भिंती, दार, भांडं हा डोळ्यांना दिसणारा भाग म्हणजे निम्माच संडास. उरलेला निम्मा जमिनीखाली असतो आणि रोग अडवण्याचं काम तोच करतो. आपण इथे त्या खालच्या निम्म्याबद्दल बोलणार आहोत.

उदाहरणासाठी पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यातलं साखरशेत घेऊ. जव्हार-मोखाडा हा सगळाच मुलूख माथ्यांचा आणि उतारांचा. वस्ती वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा समाजांची, पाड्यापाड्यांत विखुरलेली. शेती भात, नाचणी, वरईची. पावसाळ्याच्या चार महिन्यांत इथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि मार्च उलटला की विहिरी तळ दाखवू लागतात. मातीचा थर पातळ, त्याखाली मुरूम आणि मुरमाखाली भेगा पडलेला काळा कातळ. पावसाची रेलचेल, उन्हाळ्यातला ठणठणाट आणि पायाखालचा खडक या तिन्ही गोष्टी संडासाच्या पुस्तकी आकृतीत नसतात. म्हणूनच हा मुलूख आपल्याला पुस्तकापेक्षा जास्त शिकवतो.

मैल्यातले प्रवासी

आजारी माणसाच्या एका ग्रॅम मैल्यात एक कोटी विषाणू, दहा लाख जीवाणू, हजारभर परजीवींचे कोष आणि शंभरेक कृमींची अंडी असू शकतात. ही मंडळी दुसऱ्याच्या तोंडापर्यंत कोणत्या वाटांनी पोचतात, याची एक आकृती जागतिक आरोग्य संघटनेनं १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आली होती. बोटं, माश्या, माती, पाणी आणि अन्न या त्या वाटा. फळ्यावर डावीकडे 'मैला' आणि उजवीकडे 'तोंड' लिहून मधल्या वाटा मुलांनाच काढायला सांगाव्यात. पाच मिनिटांत फळा भरतो. मग प्रत्येक वाटेवर कुठे फाटक घालता येईल ते विचारावं. संडास हे मैल्याच्या अगदी जवळचं फाटक आहे. एकाच ठिकाणी तीन-चार वाटा बंद होतात.

पण फाटकाआड कोंडलेल्या प्रवाशांचं पुढे काय होतं? ते मरतात, फक्त सगळे एकाच वेळी मरत नाहीत. पटकीचे, विषमज्वराचे, हगवणीचे जीवाणू माणसाच्या उबदार आतड्याबाहेर फार टिकत नाहीत. अन्न नाही, सोबतीला इतर जीवाणूंची झुंबड, अशा स्थितीत काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत ते संपतात. विषाणू थोडे अधिक तग धरतात. सगळ्यांत चिवट असतात ती जंतांची अंडी. पोटातली एक जंतीण दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. त्यांचं कवच इतकं पक्कं असतं की ओलसर मातीत ती वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ जिवंत राहतात. म्हणून खड्ड्यातला मैला हाताळण्याजोगा केव्हा होतो, याचं उत्तर या अंड्यांच्या आयुष्यावर ठरतं. दीड-दोन वर्षं त्यात नवा मैला पडला नाही, तर तो सुरक्षित होतो असं मानतात. त्यासाठी औषध लागत नाही, यंत्र लागत नाही. लागतो तो वेळ.

आणि वेळ द्यायचा, तर तेवढा काळ घरातल्या माणसांनी जायचं कुठे? दुसरा खड्डा हवा तो एवढ्यासाठीच.

खड्ड्याचा हिशेब

दोन खड्ड्यांच्या संडासात भांड्यातून निघालेली नळी एका छोट्या चेंबरमध्ये येते. तिथे इंग्रजी 'वाय' अक्षरासारख्या दोन वाटा असतात. एक उघडी ठेवायची, दुसरी वीट आणि चिखलाने बंद करायची. पहिला खड्डा भरला की वीट इकडची तिकडे. दुसरा भरेपर्यंत पहिल्याची विश्रांती पूर्ण झालेली असते. खड्ड्याची भिंत विटांची असते, पण मधेमधे फटी सोडून जाळीदार बांधलेली. तळाला गिलावा करायचा नाही. मैल्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. ते आणि वरून ओतलेलं पाणी या फटींमधून मातीत झिरपतं. कुजताना निघणारे वायूही मातीतच शोषले जातात. त्यामुळे अशा खड्ड्याला वायू जाण्यासाठी उंच नळी लागत नाही. गावोगाव ती बसवलेली दिसते, गवंडी सेप्टिक टँकच्या सवयीने बसवतो. त्यात बिघडत काही नाही, पण वरच्या टोकाला जाळी नसेल तर तेवढी माश्यांची सोय होते.

आता गणित, पाचवी-सहावीच्या मुलांना जमेल असं. पाणी मुरून आणि कुजून झाल्यावर माणशी वर्षाला सुमारे ४५ लिटर गाळ उरतो असं धरतात. पाच माणसांचे २२५ लिटर. एक मीटर व्यासाच्या खड्ड्याची मैला साठण्याजोगी खोली एक मीटर धरली, तर घनफळ ७८५ लिटर. भागाकार करा: साडेतीन वर्षं. नळीच्या तोंडाच्या वर फूटभर जागा मोकळी हवी, म्हणजे खणायचं सव्वा-दीड मीटर. माणसाच्या छातीएवढा खड्डा पुरतो, हे सांगितल्यावर लोकांचा विश्वास बसत नाही. खड्डा जितका खोल तितका चांगला, वीस वर्षं बघायला नको, अशी समजूत सगळीकडे आहे. पण खोल खड्डा भूजलाच्या जवळ जातो. शिवाय तो एकच असतो, म्हणून भरला की ताजा मैला उपसावा लागतो. तो कोण उपसणार? हाताने मैला उपसून घेण्यावर १९९३ साली आणि पुढे अधिक कडकपणे २०१३ साली कायद्याने बंदी आली. तरीही टाक्यांत आणि गटारांत उतरून विषारी वायूने माणसं मरतच आहेत, आणि ती कोणत्या जातींची असतात हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा एक खड्डा की दोन, हा प्रश्न बांधकामापुरता राहत नाही.

पाण्याचाही हिशेब करू. माणशी दिवसाला दहा लिटर धरले तर पाच जणांचे पन्नास लिटर रोज मातीत मुरायला हवेत. खड्ड्याच्या भिंतीचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर. पोयट्याची भुसभुशीत माती चौरस मीटरला रोज वीस-तीस लिटर पाणी पिते, म्हणजे साठाहून अधिक लिटर मुरतील. भागलं. चिकणमाती दहाच लिटर पिते. तिथे हाच खड्डा तुंबेल आणि व्यास वाढवावा लागेल. एकाच मापाचा खड्डा सगळ्या जिल्ह्यांत का चालू नये, याचं उत्तर या दोन ओळींत आहे.

हंडाभर पाणी

साखरशेतसारख्या गावात मे महिन्यात भांड्यात ओतायला पाणी आणायचं कुठून? पाणी डोक्यावरून येतं आणि ते आणते घरची बाई. शहरी भांड्याच्या बाकात पन्नास मिलिमीटर पाणी अडून राहतं. मैला त्यापलीकडे ढकलायला आठ-दहा लिटर लागतात. पाच माणसांचे पन्नास लिटर म्हणजे तीन हंडे. ग्रामीण भांडं मुद्दाम वेगळं घडवलेलं असतं. त्याचा उतार तीव्र, बाकात पाणी फक्त वीस मिलिमीटर. दीड-दोन लिटरमध्ये, म्हणजे टमरेलभर आणि वर थोडं एवढ्यात काम होतं. वास आणि माश्या अडवायला वीस मिलिमीटर पुरतात. दुकानात दोन्ही भांडी शेजारी ठेवली तर वरून फारसा फरक कळत नाही. दुकानदारही गुळगुळीत, चकचकीत शहरी भांडंच पुढे करतो. मग उन्हाळा आला की संडासात सरपण आणि कोंबड्या दिसू लागतात, आणि 'लोकांची मानसिकता बदलत नाही' असा अहवाल वर जातो. पहाटे गुड मॉर्निंग पथकं पाठवून लोकांना लाजवण्यापेक्षा भांड्याचा बाक मोजला असता तर अधिक उपयोग झाला असता, असं आम्हाला वाटतं.

जाता जाता एक गोष्ट. मोखाडा तालुक्यात २०१४ साली पूर्ण झालेल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं. तिथे एकदा साखळी ओढली की पाच-दहा लिटर वाहून जातात. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

कातळाची अडचण

आता सगळ्यांत कठीण भाग. पाणी सखल भागात सापडतं म्हणून विहिरी आणि झरे ओहोळाकाठी असतात. घरं असतात वर, उतारावर किंवा माथ्यावर. साहजिकच संडास विहिरीच्या वरच्या अंगाला येतो. मग खड्ड्यातून मुरलेलं पाणी विहिरीत उतरणार नाही का?

माती ही उत्तम गाळणी आहे. वापर सुरू झाल्यावर काही आठवड्यांत खड्ड्याच्या भिंतीमागे जीवाणूंचा एक बुळबुळीत थर तयार होतो आणि गाळणी आणखी बारीक होते. खड्ड्याचा तळ आणि भूजल यांच्यामध्ये दोन मीटर कोरडी, बारीक माती असेल तर रोगजंतू बहुतेक तिथेच अडकतात. अशा जमिनीत विहीर तीन मीटरवर असली तरी चालेल, असं आपल्याकडची तांत्रिक पुस्तकं सांगतात. भूजल वर असेल किंवा माती भरड असेल तर दहा मीटर. एकदा मातीचे कण पाण्याने पूर्ण भिजले की गाळणी ढिली पडते. जंतू पाण्याबरोबर पुढे सरकतात आणि मरेपर्यंत सरकत राहतात. १९८० च्या सुमारास अभ्यासकांनी एक ढोबळ आडाखा बांधला होता: भूजल दहा दिवसांत जेवढं अंतर चालतं, तेवढ्या अंतरात धोका. वाळूत हे अंतर काही मीटरांचं असतं. कातळाच्या भेगेत मात्र पाणी गाळलं जात नाही, ते सरळ धावतं, आणि एका दिवसात दहा-वीस मीटर किंवा त्याहून खूप पुढे जाऊ शकतं. पुस्तकातला दहा मीटरचा आकडा तिथे कामाचा नाही. भेग जमिनीच्या उतारानेच जाईल असाही नेम नाही.

जव्हारच्या पावसाळ्यात ही अडचण दुप्पट होते. जुलैमध्ये पाणी जमिनीलगत येतं. मे महिन्यात कोरडाठाक असलेला खड्डा तेव्हा अर्धा भूजलात उभा असतो. म्हणून खड्ड्याची जागा उन्हाळ्यात पाहून ठरवू नये.

उपाय आहेत, आणि ते सगळे खड्डा उथळ करण्याच्या दिशेने जातात. खड्डा कमी खोल आणि जास्त रुंद घ्यायचा. त्याचा वरचा भाग जमिनीपासून फूट-दीड फूट उंच बांधून सभोवती मातीचा चौथरा दाबायचा, म्हणजे उतारावरून येणारं पावसाचं पाणी आत शिरत नाही. मग संडासाचं जोतंही उंच घ्यावं लागतं, पायऱ्या येतात, म्हाताऱ्या माणसाचा विचार करावा लागतो. खालून कातळ लागत असेल तर खड्ड्याभोवती अर्धा मीटर जाडीचा बारीक वाळूचा थर भरायचा आणि तळ प्लॅस्टिक किंवा चिकणमातीने बंद करायचा, म्हणजे निसर्गाने न दिलेली गाळणी आपण बनवायची. डोंगरावर वाळू आणणं मात्र महाग पडतं. विटांचंही तसंच. दिवाळीनंतर इथली कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, आणि त्यांच्याच खड्ड्याला वीट विकत, गाडीभाडं भरून आणावी लागते. बारा हजारांत हे सगळं बसत नाही. बसत नाही म्हणून दुसरा खड्डा गळतो.

जिथे कातळ अगदी वरच आहे तिथे पाण्याचा संडासच नको, कोरडा बरा. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. आप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. भंगीकाम करू द्यावं, या मागणीसाठी त्यांनी तिथे उपवास आरंभला, आणि येरवड्याहून गांधीजींनीही त्यांना साथ दिली. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी संडासाचे प्रयोग केले. गोपुरी संडासात शेजारी-शेजारी दोन कप्पे. मैल्यावर दर वेळी माती आणि पालापाचोळा टाकायचा, एक भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा, आणि पहिल्यातलं सोनखत शेतात न्यायचं. खड्डा जमिनीत नसून जमिनीवर, आणि पाणी जवळजवळ नाहीच. कोकणातल्या जांभ्यावर आणि पावसात सुचलेली ही रचना जव्हारच्या कातळालाही लागू पडावी. देहूच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून गेलेले डॉ. सुहास मापुसकर आप्पासाहेबांकडूनच शिकले. नंतर त्यांनी संडासाला जोडलेल्या गोबरगॅसची 'मलप्रभा' ही रचना विकसित केली. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

संडासाकडून किती अपेक्षा ठेवायची?

जव्हार म्हटलं की १९९२-९३ सालचे वावर-वांगणीचे बालमृत्यू आठवतात. कुपोषणाचा संबंध फक्त ताटाशी लावून भागत नाही. वारंवार जंतू पोटात गेल्याने लहान आतड्याच्या आतल्या बोटांसारख्या उंचवट्यांची झीज होते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. पण म्हणून संडास बांधले की मुलं उंच होतील, असं सांगू नये. ओडिशातल्या शंभर गावांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ साली आले. निवडलेल्या गावांत संडासांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेलं होतं, पण मुलांच्या जुलाबांत फरक दिसला नाही. सगळ्यांकडे संडास नव्हते आणि असलेले सगळे वापरात नव्हते, हे त्यामागचं एक कारण असावं. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेतल्या पुढच्या अभ्यासांतही साध्या संडासांमुळे मुलांची उंची वाढलेली आढळली नाही. फळ्यावरच्या आकृतीत एकच फाटक लावलं तर बाकीच्या वाटा उघड्याच राहतात, हे मुलांना इथे पुन्हा दाखवता येईल. एक वाट तर घरातच असते. तान्ह्या मुलाची शी 'बाळाची' म्हणून उकिरड्यावर टाकली जाते. जंतू आणि अंडी तिच्यात मोठ्यांच्या मैल्याइतकीच, पुष्कळदा जास्त असतात. ती संडासातच टाकली पाहिजे.

शाळेला करता येण्यासारखं

खड्ड्याची झाकणं मुलांनी उघडायची नाहीत, हे पहिलं. ते सोडून पुष्कळ काही करता येतं. जवळच्या विहिरीत दर शुक्रवारी दगड बांधलेली दोरी सोडून काठापासून पाणी किती खोल आहे ते मोजा आणि वर्षभराचा आलेख काढा. शेजारी पावसाचा आलेख. खड्ड्याचा तळ कुठे असायला हवा ते या आलेखावरूनच वाचता येतं, आणि गावात कुणी संडास बांधायला काढला तर त्याच्या गवंड्याला तो खरोखर उपयोगी पडतो.

जमीन पाणी किती पिते हे पाहायला फूटभर रुंद, दोन फूट खोल भोक खणा. आदल्या संध्याकाळी त्यात पाणी भरून माती भिजू द्या. सकाळी पुन्हा भरा, आत फूटपट्टी उभी करून दर दहा मिनिटांनी पाणी किती उतरलं ते लिहा. हाच प्रयोग ओहोळाकाठी, शेतात आणि माळावर केला की तीन वेगळे आकडे मिळतात. पाणी भर्रकन नाहीसं झालं तर मुलं खूष होतात. ते चांगलं लक्षण नव्हे, खाली भेग असण्याचा तो इशारा आहे, हे त्यांना सांगावं लागतं.

तिसरा प्रयोग पिण्याच्या पाण्याचा. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली एक सोपी चाचणी प्रसिद्ध केली. आतड्यात राहणारे बरेच जीवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. बाटलीतल्या कागदावर लोहाचा क्षार असतो. वायू आणि लोह मिळून काळं आयर्न सल्फाइड बनतं. बाटलीत पाणी भरून उबदार जागी ठेवलं आणि एक-दोन दिवसांत ते काळं पडलं, तर त्या पाण्यात मैला मिसळत असावा. या बाटल्या आरोग्य केंद्राकडे किंवा पंचायत समितीच्या पाणीपुरवठा विभागाकडे मागून पाहाव्यात. एकच विहीर मे महिन्यात आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर तपासा. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या की जुलैतला कातळ काय करतो ते दिसतं. पाणी काळं पडलं तर घाबरवून न सोडता ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला कळवावं, टी.सी.एल. पावडर टाकली जाते का ते पाहावं, आणि पाणी उकळून प्यावं. ग्रामपंचायतीला पावसाळ्याआधी आणि नंतर लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं, तेही मुलांनी विचारून वर्गात लावावं. बाटली काळी पडली नाही तर पाणी शंभर टक्के चांगलं असं मात्र समजू नये. सगळे जंतू हा वायू सोडत नाहीत.

राहिला खड्डा रिकामा करण्याचा प्रश्न. दोन वर्षं विश्रांती घेतलेला मैला काळसर, भुसभुशीत झालेला असतो, त्याला मातीचा वास येतो. पावसाळ्याआधी, कोरड्या दिवसांत घरच्या माणसांनीच फावड्याने तो काढावा, हात साबणाने धुवावेत, आणि आंब्या-फणसाच्या आळ्यात घालावा. कच्च्या खायच्या भाजीला घालू नये. यात अडचण येते ती साधी. खड्डा कधी बंद केला हेच कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि अदमासाने दीड वर्षाऐवजी सहा महिन्यांतच झाकण उचललं जातं. वीट इकडची तिकडे केली त्या दिवशी झाकणावर खिळ्याने महिना आणि साल कोरून ठेवावं. चौथीतल्या मुलालाही ते काम देता येतं.